चार हुतात्म्यांचं प्रदर्शन कसं उभारावं : सोलापूरच्या शाळा-मंडळांसाठी

१२ जानेवारीला सोलापुरात ठिकठिकाणी, १९३० च्या स्वातंत्र्यलढ्यापायी फाशी गेलेल्या चौघांचा एकत्र फोटो टेबलावर येतो, हार पडतो, दोन भाषणं होतात आणि तासाभरात टेबल उचललं जातं. मुलांना चारही नावं पाठ असतात. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. पण यातले कुर्बान हुसेन ‘गझनफर’ नावाचं साप्ताहिक चालवत होते, हे विचारलं तर वर्ग गप्प बसतो. चार वेगवेगळ्या घरांतली, वेगवेगळ्या समाजांतली, वेगवेगळं काम करणारी माणसं एका चौकटीत बसवली की त्यांचं एकच नाव होऊन जातं, ‘चार हुतात्मे’. प्रदर्शन करायचं तर ती चौकट सोडवण्यासाठी करावं.

इथे बारा पॅनेलांचं प्रदर्शन गृहीत धरलं आहे. ते एका मोठ्या वर्गखोलीत किंवा मंडळाच्या हॉलमध्ये मावतं. तयारीला सहा आठवडे लागतात. त्यातले चार कागदपत्रं गोळा करायला आणि तपासायला, एक मांडणीला आणि एक छपाईला. बहुतेक ठिकाणी हे प्रमाण उलटं होतं. महिनाभर बॅनरचं डिझाइन चालतं आणि मजकूर आदल्या रात्री मोबाइलवरून उतरवला जातो.

तारीख

१२ जानेवारी १९३१ हा येरवड्यातल्या फाशीचा दिवस. पण त्याच तारखेला जिजाऊ जयंती आणि विवेकानंद जयंती असते, आणि सोलापुरात याच सुमाराला सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा सुरू होते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीचे रस्ते बंद होतात, होम मैदानाच्या बाजूला वाहन नेणं अवघड होतं आणि फ्लेक्सवाले यात्रेच्या व शुभेच्छांच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेले असतात. म्हणून छपाईच्या फाइली ३ जानेवारीच्या आत द्या, पॅनेल ८ तारखेपर्यंत ताब्यात घ्या. उद्घाटन १२ तारखेला सकाळी लवकर उरकावं आणि प्रदर्शन यात्रेनंतर आठवडाभर तसंच ठेवावं. खरे पाहणारे त्या आठवड्यातच येतात.

दुसरा पर्याय ८ ते १२ मे, म्हणजे घटनांच्याच तारखा. शाळांना तेव्हा सुट्टी असते, त्यामुळे हा पर्याय मंडळं आणि वाचनालयांसाठी ठीक. मे महिन्याच्या उन्हात पॅनेलांचं काय होतं ते पुढे आहे.

बारा पॅनेलांत काय

पहिलं पॅनेल शहराचं. १९३० चं सोलापूर म्हणजे मुंबई इलाख्यातलं गिरणगाव. १८७७ मध्ये सुरू झालेली जुनी गिरणी, मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी. शहराच्या एका बाजूला अक्कलकोट संस्थान, दुसऱ्या बाजूला तुळजापूर-नळदुर्गकडे निजामाची हद्द. हा नकाशा नसेल तर पुढचं काहीच कळत नाही. शहरात एवढे कामगार कुठून आले आणि हाक दिल्यावर हजारो माणसं रस्त्यावर कशी उतरली, याचं उत्तर या गिरण्यांतच आहे.

दुसरं पॅनेल ६ एप्रिल १९३० चं. गांधीजींनी दांडीला मीठ उचललं त्याच दिवशी सोलापूर नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा लागला. पुण्याचे अण्णासाहेब भोपटकर यांच्या हस्ते तो फडकला, असं महापालिकेच्या माहितीत आहे.

तिसरं ते सहावं पॅनेल मे महिन्याचं. ५ मेला गांधीजींना दांडीजवळच्या कराडी इथे अटक झाली, सोलापुरात हरताळ पडला, आणि रूपाभवानी मंदिराच्या बाजूला शिंदीची झाडं तोडण्याच्या चळवळीतून ८ मेला पोलिसांशी चकमक होऊन गोळीबार झाला. त्यात शंकर शिवदारे हे तरुण गेले. त्यांना या लढ्यातले सोलापूरचे पहिले हुतात्मा मानतात. त्यांच्यासाठी चौथं पॅनेल स्वतंत्र ठेवा, कोपऱ्यात नाव लिहून मोकळे होऊ नका. पाचव्यात मंगळवार पेठ पोलीस चौकी, कोर्टाची आग, दोन पोलिसांचा मृत्यू आणि पोलीस निघून गेल्यानंतरचं शहर. सहाव्यात मार्शल लॉ म्हणजे लष्करी अंमल, १२ मे ते ३० जून १९३०.

सातवं ते दहावं पॅनेल चौघांचं, प्रत्येकी एक. अकरावं खटला आणि येरवडा. बारावं इतर नेत्यांचं आणि आजच्या खुणांचं : डॉ. कृ. भी. अंत्रोळीकर, तुळशीदास जाधव, रामकृष्ण जाजू यांच्यासारखी माणसं, आणि चार हुतात्मा पुतळे, हुतात्मा स्मृती मंदिर, पुण्याला जाणारी हुतात्मा एक्सप्रेस.

बाराव्या पॅनेलवर गर्दी करण्याचा मोह फार होतो. प्रत्येक पेठेतून एक-दोन नावं येतात आणि पन्नास पासपोर्ट फोटोंची पाटी तयार होते. ती कोणी वाचत नाही. जास्तीत जास्त सहा माणसं घ्या, प्रत्येकाला पंधरा-वीस शब्द द्या. उरलेली नावं वेगळ्या वहीत लिहा आणि वही टेबलावर ठेवा. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव हमखास सुचवलं जाईल. ते जन्माने सोलापूरचे, १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या वैद्यकीय पथकात गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. थोर माणूस, पण हा विषय वेगळा. त्यांच्यासाठी वेगळं प्रदर्शन करा. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचंही तेच. सीमेवरच्या या शहरात अनेक घरांमध्ये असलेले कागद १९४७-४८ चे, निजामाविरुद्धच्या लढ्याचे निघतात. ते १९३० च्या पॅनेलमध्ये घुसले की दोन्ही गोष्टींचा बोजवारा उडतो.

कागद कुठे मिळतात

सुरुवात जिल्हा गॅझेटिअरपासून करा, पण कुठली आवृत्ती हातात आहे ते पाहा. सोलापूरचं जुनं गॅझेटिअर १८८४ चं आहे, त्यात हा लढा असणार कसा? सुधारित आवृत्ती १९७७ ची. तिच्यातून घटनाक्रमाचा सांगाडा मिळतो.

मग वर्तमानपत्रं. हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या जुन्या वाचनालयात बांधीव अंकांची चौकशी करा. पुण्यात केसरीचे जुने अंक आहेत. इथे दोन गोष्टी चुकतात. एक म्हणजे अंकावरची तारीख घटनेची तारीख म्हणून लिहिली जाते, प्रत्यक्षात बातमी एक ते तीन दिवसांनी छापलेली असते. दुसरी, मेच्या मध्यानंतर स्थानिक बातम्या एकदम आटतात आणि लोक समजतात की शहर शांत झालं. मार्शल लॉखाली छापणं आणि बोलणं दोन्हीवर पहारा होता, त्यामुळे या काळातल्या वर्तमानपत्रातल्या शांततेवरून काहीच ठरवू नका.

सरकारी कागदांसाठी मुंबईचं राज्य पुराभिलेख खातं आणि दिल्लीचं राष्ट्रीय अभिलेखागार. दिल्लीच्या बऱ्याच फाइली ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या दिसतात, नोंदणी मोफत आहे. शोधताना शहराचं नाव इंग्रजीत आजच्यासारखं लिहिलं तर हाती फारसं लागत नाही. त्या काळचं स्पेलिंग ‘एस-एच-ओ’ने सुरू होतं, म्हणजे ‘शोलापूर’. १९३० च्या गृह खात्याच्या राजकीय फाइली आधी चाळा. माणसांची नावं तर तीन-चार तऱ्हांनी लिहिलेली सापडतात. इंग्रजीतून परत मराठीत आणताना सारडांचं ‘शारदा’ होतं, धनशेट्टींचं ‘धनशेटी’. चारही नावांचं एकच लेखन पहिल्या दिवशी ठरवा, फळ्यावर लिहून ठेवा आणि बाराही पॅनेलांत तेच वापरा.

घराघरांतले कागद ही तिसरी खाण. ताम्रपट, तुरुंगातली पत्रं, सुटकेचे दाखले, खादी भांडाराच्या पावत्या. ताम्रपट १९७२ चा, म्हणजे स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षी दिलेला असतो. त्यावरून सन्मान कळतो, चळवळीतलं नेमकं काम कळत नाही. उलट एखाद्या घरात पेन्शनचा कागद नसला म्हणून ते आजोबा चळवळीत नव्हते असंही ठरत नाही. केंद्राच्या पेन्शनसाठी साधारणपणे किमान सहा महिन्यांची कैद लागत असे, आणि कित्येकांना तीन-चार महिन्यांचीच शिक्षा झाली होती.

मूळ कागद ताब्यात घेऊ नका. त्या घरीच, खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा किंवा स्कॅनर सोबत न्या. काचेच्या फ्रेममधला फोटो बाहेर काढायचा हट्ट नको, ऐंशी-नव्वद वर्षांत तो काचेला चिकटलेला असतो आणि ओढला की चेहऱ्यावरचाच थर निघतो. कॅमेरा थोडा तिरका धरून काचेवरची चमक टाळा. वापरायची लेखी परवानगी त्याच भेटीत घ्या, दोन ओळी पुरतात.

एक वाक्य, एक चिठ्ठी

पॅनेलवर जाणाऱ्या प्रत्येक विधानासाठी पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी करा. वर विधान, खाली कुठल्या कागदातून घेतलं, पान किंवा तारीख, आणि कोणी तपासलं त्याची सही. बारा पॅनेलांना साधारण शंभर चिठ्ठ्या होतात. दोन स्वतंत्र आधार असतील तर हिरवी खूण, एकच असेल तर पिवळी, ऐकीव असेल तर लाल. लाल चिठ्ठी भिंतीवर जात नाही. दोन स्मरणिकांत एकच परिच्छेद शब्दशः सापडला तर तो एकच आधार धरायचा. स्मरणिका एकमेकींतूनच उतरवलेल्या असतात.

या कामात सर्वांत जास्त वाद पुढच्या मुद्द्यांवर होतात.

शहर किती दिवस स्वतंत्र होतं? कोणी तीन दिवस सांगतं, कोणी चार. मोजणी कुठून सुरू करायची यावर आकडा बदलतो. पॅनेलवर आकडा लिहूच नका. ८ मेच्या गोळीबारानंतर पोलीस शहरातून हटले, १२ मेला मार्शल लॉ जाहीर झाला, मधल्या दिवसांत शहराचा कारभार लोकांनी सांभाळला, असं तारखांनिशी लिहा. वाचणारा स्वतः मोजेल.

गोळीबारात किती मेले? सरकारी आणि चळवळीच्या बाजूच्या कागदांत आकडे जुळत नाहीत. दोन्ही आकडे, कोणी दिले ते सांगून, शेजारी शेजारी छापा. सरासरी काढणं हा शुद्ध अडाणीपणा.

दोन पोलिसांचं काय? चौघांवरचा खटला त्यांच्याच खुनाचा होता. काही प्रदर्शनांतून हा भाग गाळला जातो आणि मग नववीतली मुलगी विचारते की फाशी नेमकी कशासाठी? उत्तर देणाऱ्याची तारांबळ उडते. आरोप काय होता ते स्पष्ट लिहा, आणि तो खोटा होता असं सोलापूर आजवर का मानत आलं आहे, तेही लिहा. आरोप, बचाव, निकाल या तीन ओळी वेगळ्या ठेवा. कोर्टाचं वाक्य स्वतःच्या तोंडी घालू नका.

‘भारतातला पहिला झेंडा.’ नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा लावणारी सोलापूर ही देशातली पहिली नगरपालिका, असं महापालिका स्वतःच्या इतिहासात सांगते. हे वाक्य लिहायचं तर ‘महापालिकेच्या नोंदीनुसार’ हे शब्द लावूनच लिहा आणि ‘नगरपालिका’ हा शब्द गाळू नका. तो गळला की विधान ‘देशात पहिला झेंडा सोलापुरात’ असं होतं, आणि ते सरळ चूक आहे. १९३० मध्ये इथे महानगरपालिका नव्हती, ती १९६४ ची. तसंच महापालिकेच्या इंद्रभुवन इमारतीचा आजचा रंगीत फोटो लावून ‘इथेच झेंडा फडकला’ लिहायच्या आधी, त्या वेळी नगरपालिकेचं कार्यालय कुठल्या इमारतीत होतं ते पाहा.

आणि झेंडा कुठला? ही चूक इतकी सर्रास होते की जवळजवळ प्रत्येक बॅनरवर दिसते. १९३० च्या मिरवणुकीच्या चित्रात अशोकचक्राचा तिरंगा. अशोकचक्र २२ जुलै १९४७ ला आलं. केशरी-पांढरा-हिरवा आणि मधे चरखा, हा झेंडा काँग्रेसने १९३१ मध्ये स्वीकारला. १९३० च्या एप्रिल-मे महिन्यांत चालत होता तो १९२१ पासूनचा : वर पांढरा, मधे हिरवा, खाली लाल, आणि तिन्ही पट्ट्यांवर पसरलेला चरखा. दुसऱ्या पॅनेलवर हाच झेंडा काढा आणि खाली एका ओळीत सांगा की तो आजच्यापेक्षा वेगळा का दिसतो. पाहणारे या एका चित्रापाशी सगळ्यात जास्त वेळ थांबतात.

फाशी कुठे झाली याबद्दलही गोंधळ आहे. काहींना ती सोलापूरच्याच तुरुंगात झाली असं वाटतं. ती पुण्याजवळ येरवडा कारागृहात झाली. गांधीजी मे १९३० पासून २६ जानेवारी १९३१ पर्यंत त्याच कारागृहात कैदेत होते. लंडनमध्ये पहिली गोलमेज परिषद तेव्हा चालू होती, ती १९ जानेवारीला संपली. गांधी-आयर्विन करार ५ मार्चचा आणि भगतसिंग, राजगुरू, सुखदेव यांची फाशी २३ मार्चची. अकराव्या पॅनेलवर या पाच तारखा एका आडव्या रेषेवर मांडल्या, तर सोलापूरची घटना देशाच्या घडामोडींत नेमकी कुठे बसते ते भाषणाशिवाय कळतं.

चौघांची चार पॅनेलं

चारही चेहरे एकाच मापाचे, एकाच उंचीवर. क्रम पहिल्या नावाच्या अकारविल्ह्याने लावा : अब्दुल रसूल, जगन्नाथ, मल्लप्पा, श्रीकिसन. क्रमामागचं कारण पॅनेलवर बारीक अक्षरात लिहून टाका. नाहीतर ‘आमचं नाव शेवटी का’ हा प्रश्न उद्घाटनालाच उभा राहतो.

प्रत्येकाच्या पॅनेलवर तीच पाच प्रश्नांची उत्तरं असावीत : घर कुठल्या पेठेत, घरातली बोली कुठली, पोटापाण्याचं काम काय, चळवळीत नेमकी कुठली जबाबदारी, मे १९३० मध्ये काय करत होते. एखाद्याबद्दल उत्तर मिळालं नाही तर तो रकाना कोरा ठेवा आणि खाली ‘माहिती असल्यास कळवावी’ एवढं छापा. कोऱ्या रकान्यानं प्रदर्शनाची लाज जात नाही. उलट नातेवाईक आणि शेजारीपाजारी तो पाहूनच बोलायला लागतात, आणि पुढच्या वर्षीचं पॅनेल त्यातून तयार होतं. जन्मवर्ष आणि वय हे सगळ्यांत निसरडे रकाने आहेत, त्यांना हिरव्या चिठ्ठीशिवाय हात लावू नका.

‘होता’ की ‘होते’? सगळीकडे आदरार्थी. कुर्बान हुसेन यांचा उल्लेख काही जुन्या मजकुरात एकेरी सापडतो आणि बाकी तिघांचा आदरार्थी. नक्कल करताना हा भेद तसाच उतरतो. शेवटच्या वाचनात खास यासाठी एक फेरी मारा.

चेहऱ्यांसाठी मिळणारी चित्रं बहुधा रंगवलेली किंवा फोटोवरून काढलेली असतात. तसं खाली लिहा. संगणकाकडून ‘जिवंत वाटणारे’ रंगीत चेहरे बनवून घेण्याची टूम आहे. ते करू नका. तो चेहरा त्या माणसाचा नसतो, आणि दोन वर्षांत तोच खरा फोटो म्हणून फिरायला लागतो.

मांडणी आणि छपाई

पॅनेलचं माप २ × ३ फूट, उभं. यामागे हिशोब आहे. सनबोर्डचा, म्हणजे फोमच्या हलक्या फळीचा, पत्रा ८ × ४ फुटांचा येतो आणि त्यातून या मापाची पाच पॅनेलं निघतात : चार उभी, आणि उरलेल्या दोन फुटी पट्टीतून एक आडवं कापून. बारा पॅनेलांना तीन पत्रे लागतात आणि तीन तुकडे जादा उरतात. एक नावाच्या पाटीला, दोन बिघडलेल्या छपाईसाठी राखीव. अडीच फूट रुंदी निवडली की एका पत्र्यातून जेमतेम तीनच निघतात. जाडी ५ मिमी घ्या. ३ मिमी स्वस्त असतो पण दोन दिवसांत धनुष्यासारखा वाकतो.

एका पॅनेलवर १०० ते १२० शब्द, त्याहून एकही जास्त नको. शीर्षक ९० ते १०० पॉइंट, मजकूर ३२ ते ३६ पॉइंट, फोटोखालची ओळ २४. देवनागरीला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असतात, म्हणून ओळींमधलं अंतर अक्षराच्या दीडपट ठेवा. रंगीत पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं लांबून वाचता येत नाहीत; फिकट पिवळसर किंवा पांढऱ्यावर काळी अक्षरंच बरी.

फोटोचा हिशोब असा. छापील मापाच्या प्रत्येक इंचाला किमान १५० पिक्सेल हवेत. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो साधारण १६०० पिक्सेलचा असतो, म्हणजे तो दहा इंचांपर्यंतच चालतो, पुढे चेहरा फुटतो. घरातला ४ × ६ इंची फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला तर तो १६ × २४ इंचांपर्यंत नीट छापता येतो. फोटो मागवायचाच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा.

अक्षरांचा घोळ छपाईच्या दुकानात होतो. तुम्ही युनिकोडमध्ये लिहिलेलं असतं, दुकानातल्या संगणकावर श्रीलिपी असते, किंवा कोरल ड्रॉची आवृत्ती जुनी असते. उघडल्यावर ‘ऱ्या’ फुटतो, ‘श्र’ चं भलतंच काही होतं, वेलांटी एक घर पुढे सरकते. उपाय एकच : मजकूर कर्व्हमध्ये (म्हणजे अक्षरांच्या जागी नुसत्या आकृत्यांत) बदलून किंवा फाँट आत बसवून पीडीएफ द्या, आणि छपाईआधी प्रत्येक पॅनेलची ए-फोर कागदावर प्रत काढून ती मजकूर लिहिणाऱ्याखेरीज दुसऱ्या दोघांनी वाचावी. स्क्रीनवर वाचून चुका सापडत नाहीत.

सोलापूरचं प्रदर्शन फक्त मराठीत असणं हे या शहराला धरून नाही. पूर्व भागात तेलुगू, कितीतरी घरांत कन्नड, आणि उर्दू. पूर्ण भाषांतराचा घाट घालू नका. पॅनेलच्या तळाशी चार इंचांची पट्टी ठेवा आणि मथळा व दोन ओळींचा सारांश तीन भाषांत द्या. प्रत्येक भाषेचं वाचन दोन जणांकडून करून घ्या. उर्दूला विशेष जपा. छपाईच्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये उर्दूची जोडाक्षरं सुटी पडतात आणि ओळ डावीकडून उजवीकडे उलटी लागते. दुकानदाराला ती वाचता येत नाही, त्यामुळे चूक थेट भिंतीवर येते. ज्या संगणकावर उर्दू नीट दिसते तिथेच ती ओळ ३०० डीपीआयच्या चित्रात बदलून घ्या आणि चित्र म्हणूनच पट्टीत बसवा.

छपाई विनाइलवर, वरून मॅट लॅमिनेशन. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटची रेघ उमटते आणि नेमका चेहऱ्यावरचा भाग दिसेनासा होतो. चिकटवून झालं की पॅनेलं सपाट फरशीवर एकावर एक ठेवून वर वजन द्या, रात्रभर तशीच राहू द्या. मे महिन्यात काम असेल तर टेम्पोतून भर दुपारी आणू नका. पारा चाळिशीपार असताना उन्हात टेकवून ठेवलेला सनबोर्ड तासाभरात वाकतो आणि विनाइलखाली फुगे धरतात. फुगा आलाच तर बारीक सुईने टोचून कापडाने दाबा, ब्लेड लावू नका.

भिंतीवर

चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीला दोन्हीकडून चिकटणारी टेप धरत नाही. रात्रीत तीन पॅनेलं खाली येतात आणि कोपरे चेपतात. खोलीच्या दोन टोकांना हूक असतील तर नायलॉनची जाड दोरी ताणून बाइंडर क्लिपांनी पॅनेलं अडकवा, प्रत्येकी दोन क्लिपा, आणि हलू नये म्हणून खालच्या कडेला दुसरी दोरी. नसेल तर मांडववाल्याकडून बांबूची चौकट घ्या. मागे पांढरा मांजरपाट लावला की भिंतीचे डाग झाकतात.

पॅनेलचा मध्य मोठ्यांसाठी जमिनीपासून पावणेपाच ते पाच फुटांवर, पाचवीच्या खालची मुलं येणार असतील तर चार फुटांवर. दोन पॅनेलांत एक फूट. समोर सहा फूट मोकळी जागा हवी, नाहीतर एक रांग वाचत असताना दुसरीला पुढे सरकता येत नाही. सुरुवात दाराच्या डाव्या हाताला करा. पंचवीस मुलांची तुकडी एका पॅनेलपाशी दीड मिनिट थांबली तर बारा पॅनेलं अठरा मिनिटांत होतात, म्हणजे एका तासिकेत दोन तुकड्या.

टेबलावर तिरंगा अंथरू नका, पॅनेलांना त्याची झालर लावू नका. ध्वजसंहितेत ते बसत नाही. सजावटीला साधं खादीचं कापड चालेल.

माहिती सांगणारी मुलं आठवी-नववीतली घ्या, प्रत्येक पॅनेलला दोन, आलटून पालटून. त्यांना मजकूर पाठ करायला लावू नका. प्रत्येकीला तिच्या पॅनेलच्या आठ-दहा चिठ्ठ्या द्या आणि ‘हे कशावरून?’ या प्रश्नाचं उत्तर तयार करून घ्या. एखादे आजोबा येतात, ‘हे असं नव्हतं’ म्हणतात. तेव्हा वाद घालायचा नाही, त्यांना खुर्ची द्यायची आणि टेबलावरच्या वहीत त्यांचं म्हणणं लिहून घ्यायचं. वहीत चार रकाने पुरतात : काय सांगितलं, स्वतः पाहिलं की कोणाकडून ऐकलं, घरी कागद आहे का, पुन्हा भेटता येईल का. ही वही शाळेच्या कपाटात कुलपात ठेवा, तिच्यात लोकांची नावं आणि पत्ते असतात. तिचे फोटो ग्रुपवर टाकायचे नाहीत.

उतरवताना पॅनेलांच्या मधे वर्तमानपत्र नको, ऊन आणि दमट हवेत शाई विनाइलवर उतरते. साधा पांढरा कागद घाला आणि गठ्ठा आडवा, जमिनीपासून अर्धा फूट वर ठेवा. भिंतीला उभी टेकवलेली पॅनेलं पुढच्या जानेवारीपर्यंत सगळी वाकलेली असतात. चिठ्ठ्यांचा गठ्ठाही त्याच खोक्यात ठेवा, आणि वरच्या चिठ्ठीवर चुकलेली वाक्यं व आलेल्या दुरुस्त्या लिहा. ज्या पॅनेलात दोनपेक्षा जास्त दुरुस्त्या निघतील ते तेवढंच परत छापा. बाकीची तीन-चार वर्षं सहज चालतात.